नागफणीचे फडे गुरांना कसे घालावेत

मे महिन्यात ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावकडे माळावर गवताची काडी उरत नाही, फड्या निवडुंग तेवढा हिरवागार असतो. इकडे सगळे त्याला नागफणीच म्हणतात. मूळची अमेरिकेतली ही झुडपं बांध आणि पडीक रान व्यापत जातात. ग्वाल्हेर शहरातल्या लश्कर भागात राहून गावाकडे चार शेळ्या-म्हशी सांभाळणाऱ्यांनी टंचाईत त्यांचा उपयोग जरूर करावा, मात्र भुशाला जोड म्हणूनच. दहा किलो फड्यांत साडेआठ-नऊ किलो नुसतं पाणी असतं, प्रथिनं नावालाच.

आधी ओळख पक्की करा. फडा मोडल्यावर पाण्यासारखा बुळबुळीत रस आला तर ती नागफणी. पांढरा चीक आला तर तो थोर, म्हणजे निवडुंगासारखंच दिसणारं दुसरं झाड. त्याचा चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर इजा करतो. तो गुरांच्या आसपासही नको. गटाराकाठचे किंवा फवारणी झालेल्या शेतालगतचे फडेही सोडून द्या.

कापायला लांब दांड्याचा कोयता, सांडशी आणि जाड चामडी हातमोजे घ्या. फडा सांध्यावरच तोडा. लाल-जांभळी फळं तिथेच काढून जाळा, कारण बी शेणातून पसरतं. जमिनीवर पडलेला तुकडाही मूळ धरतो, म्हणून खाली ताडपत्री अंथरा आणि फडे तिच्यातूनच न्या.

आता भाजणी. इथे घाई अजिबात चालत नाही. मोठे काटे दिसतात, ते जळतातही लवकर. खरा त्रास फड्यावरच्या प्रत्येक डोळ्याशी, म्हणजे काटे फुटतात त्या ठिपक्याशी, असलेल्या पिवळट कुसळांच्या झुबक्याचा. केसाहून बारीक असलेली ही कुसळं जिभेत, हिरड्यांत रुततात. तोंडात जखमा झाल्या की जनावर खाणंच सोडतं. फडा सांडशीत धरून गॅसच्या बर्नरवर किंवा काटक्यांच्या जाळावर दोन्ही बाजूंनी फिरवा, आणि कडा विसरू नका, कुसळं तिथेच जास्त दाट असतात. मग फडा उन्हात तिरपा धरून पाहा. डोळ्याशी पिवळी लव चमकली तर पुन्हा जाळावर. रॉकेल ओतून पेटवू नका. वाळलेल्या गवतापासून दूर, मोकळ्या जमिनीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवूनच हे काम करा.

फडे गार झाले की लाकडी फळीवर कोयत्याने बोटभर तुकडे करा. कडबा कापायच्या मशीनमध्ये घालू नका, बुळबुळीने पाती चिकटतात.

मोठ्या जनावराला दोन-तीन किलोंपासून सुरुवात करून पंधरा दिवसांत दहा-पंधरा किलोंपर्यंत जा. शेळीला अर्ध्या किलोपासून दोन किलोंपर्यंत. आधी थोडा कोरडा भुसा पोटात जाऊ द्या, मग उरलेल्या भुशात तुकडे कालवून घाला. प्रथिनांची उणीव मोहरीची पेंड भरून काढते, आणि ती आपल्या भागात सहज मिळते. फड्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळे खनिज मिश्रण आणि मीठ रोज द्यावंच. लहान वासरं-करडांना हे घालू नका.

शेण पातळ झालं तर फडे निम्मे करा, भुसा वाढवा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. लाळ गळणं, तोंड न उघडणं किंवा पोट फुगणं दिसलं तर मात्र फडे बंद करून त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पाणी नेहमीसारखं समोर असू द्या. जनावर कमी पिईल, ते साहजिक आहे. गव्हाणीतले उरलेले तुकडे उकिरड्यावर फेकू नका, जाळून टाका. काही फड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतील. ती कोचिनील किडीची वस्ती. 1926 मध्ये दक्षिण भारतात ही कीड नागफणी संपवण्यासाठी मुद्दाम सोडली होती. नागफणी हटवायचीच असेल तर असे फडे झाडावरच राहू द्या.

दर उन्हाळ्यात टंचाई येत असेल तर बिनकाट्याचं निवडुंग लावणं बरं. झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था त्यावर काम करते; तिथे चौकशी करा. कापलेला फडा सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवून जखम भरली की मगच लावा, नाहीतर तो कुजतो. आणि कुंपण घाला, कारण काटे नसलेलं निवडुंग शेळ्या उभ्या उभ्या फस्त करतात.