घरामागची चेरी: हिवाळ्यात कात्रीला हात लावू नका

इंग्लंडमध्ये घर घेतलं, मागे थोडी बाग मिळाली, की आपल्यापैकी पुष्कळांना पहिलं झाड चेरीचं लावावंसं वाटतं. ते योग्यच आहे. इथली हवा चेरीला मानवते आणि दुकानातली चेरी पाव किलोला जे पैसे घेते, त्या मानाने झाड महाग पडत नाही. अडचण पुढे येते. शेजारीपाजारी, बागेची कामं करणारी माणसं, अगदी हौशी जाणकारही सफरचंदाचा सल्ला चेरीला लावतात: पानं गळाली, झाड झोपलं, आता छाटा. या एका सल्ल्यामुळे धडधाकट झाडं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून हा लेख बराचसा छाटणीवर आहे. बाकीची कामं सोपी आहेत, ती थोडक्यात सांगते.

आधी पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी दोन शब्द. ही चेरी तिकडे लावू नका. तिला हिवाळ्यात 7 अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात, बऱ्याच जातींना हजाराच्या आसपास. ते मिळाले नाहीत तर कळ्या नीट फुटतच नाहीत. भारतात ती काश्मीर आणि हिमाचलमध्ये पिकते, ती याच कारणाने. आपल्याकडच्या रोपवाटिकेत चेरी म्हणून मिळतं ते बहुधा वेस्ट इंडियन चेरीचं झुडूप असतं. चांगलं झुडूप आहे, कुंडीतही फळतं, पण त्याचं कूळ वेगळं आणि निगाही वेगळी.

जात आणि खुंट

छोट्या बागेला गोड चेरीत स्टेला किंवा सनबर्स्ट घ्या. दोन्ही स्वपरागी आहेत, एकटं झाड फळतं. 'चेरीची दोन झाडं लावावीच लागतात' हा सल्ला जुन्या जातींपुरता खरा होता. 1968 मध्ये कॅनडातल्या समरलँडच्या संशोधन केंद्राने स्टेला आणली, तेव्हापासून घरगुती बागेला ती अट उरलेली नाही. तुमची भिंत उत्तरेकडे तोंड करून असेल आणि ऊन कमी असेल, तर गोड चेरीचा हट्ट सोडा आणि मोरेलो लावा. ती आंबट आहे, स्वपरागी आहे आणि सावलीच्या भिंतीवरही फळते.

जातीइतकंच लक्ष खुंटाकडे, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागाकडे, द्या. चेरी कलमाचीच घ्यायची आणि कलम कोणत्या खुंटावर बांधलंय ते विचारायचं. गिझेला 5 हा जर्मनीतल्या गीसन शहरात तयार झालेला खुंट झाडाला तीन-चार मीटरवर रोखतो. कोल्ट नावाच्या खुंटावरचं झाड सहा मीटरच्या पुढे जाऊ शकतं. शिडीवर चढून जाळी टाकायची आणि फळं तोडायची ही घरगुती बागेची कामं नव्हेत. विकणाऱ्याला खुंट सांगता येत नसेल तर तिथून झाड घेऊ नका.

लावणी

उघड्या मुळांची कलमं नोव्हेंबर ते मार्च मिळतात. ती कुंडीतल्या झाडापेक्षा स्वस्त असतात आणि जोमही लवकर धरतात. ऊन बघून खड्डा करा, कलमाचा सांधा मातीच्या वर चांगला चारपाच बोटं ठेवा, खुंटी ठोका, भरपूर पाणी द्या. चिकणमातीत पाणी साचत असेल तर जागा बदला किंवा उंचवटा करून लावा. चेरीची मुळं पाण्यात उभी राहिली की कुजतात. गिझेला 5 ची मुळं उथळ असतात, त्यामुळे खुंटीचा आधार कायमचा.

छाटणी

मला सगळ्यात जास्त वेळ हा भाग समजून घ्यायला लागला, कारण पुस्तकांतली चित्रं सफरचंदाची होती आणि झाड माझ्यासमोर चेरीचं होतं.

पहिली गोष्ट महिन्याची. इंग्लंडमध्ये चेरी आणि प्लम यांना 'सिल्व्हर लीफ' नावाचा, पानांवर रुपेरी झाक आणणारा बुरशीचा रोग होतो. बुरशी ताज्या कापातून खोडात शिरते. तिचे बीजाणू ओल्या हवेत सुटतात आणि त्यांचा काळ साधारण सप्टेंबर ते मे. म्हणजे सफरचंद छाटायचा जो मोसम, तोच चेरीला रोग लागण्याचा मोसम. शिवाय त्याच थंड, ओल्या महिन्यांत जिवाणूंमुळे होणारा कॅन्करही जखमांतून शिरतो. खोडावर डिंकाचे ओघळ दिसतात आणि फांदी वरून वाळत येते. जून ते ऑगस्टमध्ये हवा कोरडी असते, बीजाणू कमी असतात, झाड वाढीच्या भरात असतं आणि काप लवकर भरून येतो. नाशिकच्या द्राक्षवाल्याला एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. चेरीचंही तसंच आहे: कुठे कापलं याआधी कधी कापलं ते बघायचं.

याला अपवाद एकच, कोवळ्या झाडाचा. नवीन कलमाला आकार देण्यासाठी शेंडा मारायचा असतो, तो कळ्या फुटायला लागल्यावर, मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, कोरडा दिवस बघून. साधारण 75 सेंटिमीटरवर एका चांगल्या डोळ्याच्या (फांदीवरच्या कळीच्या) वर काप घ्या. पुढच्या वसंतात ज्या तीनचार फांद्या मुख्य म्हणून ठेवायच्या, त्या अर्ध्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर कापा. त्यानंतर वसंतातली छाटणी बंद. पुढचं सगळं उन्हाळ्यात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. कात्री चालवण्याआधी एक फांदी हातात घेऊन नीट बघा. चेरीवर दोन प्रकारचे डोळे असतात. फुलाचा डोळा गुबगुबीत आणि बोथट असतो. पानाचा बारीक आणि टोकदार. जुन्या लाकडावर बोटाच्या पेराएवढ्या खुरट्या फांद्या दिसतात, त्यांच्या टोकाला गुबगुबीत डोळ्यांचा घोळका असतो आणि मधोमध एक टोकदार डोळा. पुढची चेरी इथेच लागणार. आता महत्त्वाचं: चेरीच्या फुलाच्या डोळ्यातून फक्त फुलं निघतात, पान किंवा फुटवा निघत नाही. म्हणून गुबगुबीत डोळ्याच्या वर काप घेतलात तर तो डोळा फुलेल, कदाचित फळेलही, आणि नंतर ते टोक वाळून जाईल. वाळलेलं टोक म्हणजे रोगाला उघडं दार. काप नेहमी टोकदार डोळ्याच्या वर. 'कुठल्याही डोळ्याच्या वर तिरका काप द्या' हे सफरचंदात खपून जातं, चेरीत नाही. ओळखू येत नसेल तर त्या फांदीला हात लावू नका. जुलैत पानं बघून ठरवा, ज्या डोळ्याशी जोमदार फुटवा आहे तो पानाचा.

तिसरी गोष्ट, आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. चेरीला कापण्यापेक्षा वाकवा. या झाडाचा स्वभाव सरळ वर जाण्याचा. शेंड्याकडचे फुटवे सगळा जोम खेचून घेतात, खालची फांदी उघडी-बोडकी राहते आणि तिथे फळ धरत नाही. अशा झाडावर जितकी कात्री चालवाल तितके उभे सोटे जास्त फुटतील. फांदी आडवी झाली की तिचा जोम ओसरतो आणि तिच्यावर फुलाचे डोळे बसू लागतात. मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला नवे फुटवे वीतभर लांब आणि अजून हिरवे-लवचिक असतात, तेव्हा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा खोडाला लावायचा, असा की त्याच्या मागच्या टोकाने फुटवा खोडापासून दूर रेटला जाईल. महिन्याभरात तो कोन पक्का होतो. हिरवा फुटवा कसाही वळतो. लाकूड झाल्यावर बगलेतच चिरतो. मोठी झालेली फांदी सुतळीने खाली ओढायची आणि सुतळी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधायची. सुतळी फांदीभोवती सैल ठेवा आणि शरद ऋतूत तपासा, नाहीतर ती सालीत रुतते. खोडाशी इंग्रजी व्हीसारखा चिंचोळा कोन करून वाढणारी फांदी ठेवूच नका. तिथे साल आत दुमडते आणि पुढे फळांच्या भाराने फांदी फाटते.

एवढं केलंत तर मोठ्या झाडावर कापायला फार उरत नाही. फळं उतरली की कोरड्या दिवसांचा सलग पट्टा बघायचा आणि त्यात काम उरकायचं. आधी मेलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं काढा. मग झाडाच्या पोटात घुसलेल्या उभ्या सोट्यांपैकी निम्मे बुंध्यापासून काढा, उरलेले वाकवता आले तर वाकवा. शेंडा हाताबाहेर गेला असेल तर तो खालच्या एखाद्या आडव्या फांदीपर्यंत उतरवा. मनगटाएवढ्या फांद्या एकाच वर्षी चारपाच काढायचा मोह आवरा. दर वर्षी एक पुरे. करवतीचा काप खोडाला घासून घेऊ नका, फांदीच्या मुळाशी जी फुगीर कड असते ती शाबूत ठेवा, कारण जखम तिथूनच भरून येते.

कापावर लावायचे लेप मिळतात. उन्हाळ्यातल्या स्वच्छ कापाला मी काही लावत नाही. जानेवारीत घेतलेल्या कापाला लेप लावून तो सुरक्षित होतो, असं मानणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. वादळाने ऐन डिसेंबरात फांदी मोडली तर इलाज नाही. तेवढी गुळगुळीत कापून लेप लावा, कारण तिथे दुसरा पर्याय नाही.

पानांवर रुपेरी झाक दिसली तर घाबरून लगेच झाड पाडू नका. सगळं झाड एकदम रुपेरी झालं असेल तर बहुधा पाण्याचा किंवा अन्नाचा ताण असतो. एकाच फांदीवर झाक असेल तर अंगठ्याएवढ्या जाडीवर ती कापून आतलं लाकूड बघा. मधे तपकिरी डाग असेल तर तो रोग. डाग संपतो तिथून आणखी 15 सेंटिमीटर मागे जाऊन कापा, आणि ते लाकूड बागेत रचून ठेवू नका. मेलेल्या लाकडावरच ती बुरशी पुढे बीजाणू सोडते.

मोरेलोचं गणित वेगळं आहे. तिला फळ मुख्यतः गेल्या वर्षीच्या कोवळ्या काड्यांवर येतं. म्हणून फळं उतरली की फळलेल्या काही काड्या, साधारण चौथा हिस्सा, खालच्या नव्या फुटव्यापर्यंत मागे घ्यायच्या, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी नवी काडी तयार होते. गोड चेरीवर हा प्रयोग करू नका.

बाकीची कामं

फेब्रुवारीत शेणखत किंवा कुजलेलं खत आळ्यात पसरा, खोडाला टेकू देऊ नका. फळ भरत असताना आळं कधी सुकं, कधी चिंब असं होऊ देऊ नका. पाणी कमी-जास्त झालं, किंवा पिकायच्या सुमारास जोराचा पाऊस आला, की फळ तडकतं.

एप्रिलमध्ये झाड फुललं असताना रात्रीच्या थंडीवर लक्ष ठेवा. पूर्ण बहरात पारा उणे 2 अंशांवर आला की फुलं मरायला लागतात, उणे 4 ला जवळजवळ सगळी जातात. बुटक्या झाडाचा फायदा इथे कळतो: संध्याकाळी बागेचं पांढरं कापड टाकायचं, सकाळी मधमाश्यांसाठी काढायचं.

मेमध्ये शेंड्याची पानं वळून चिकट झाली तर आत काळा मावा असतो. कोवळं झाड असेल तर साबणाचं पाणी पानाच्या खालच्या बाजूने मारा. मोठं झाड सोसतं.

जाळी टाका. जाळीवाचून इंग्लंडमध्ये गोड चेरी हाती लागत नाही, कबुतरं आणि ब्लॅकबर्ड फळ हिरवट-लाल झालं की तोडायला लागतात. फळाला रंग चढायच्या आधी, सांगाड्यावर, ताणून. ढिल्या जाळीत पाखरू अडकून तडफडतं, म्हणून रोज एक फेरी मारून बघा.

तोडणी खाऊन ठरवा. चेरी झाडावरून काढल्यावर पिकत नाही, आढीत घालायचं हे फळ नव्हे. सनबर्स्ट साधारण जुलैच्या सुरुवातीला, स्टेला उत्तरार्धात, मोरेलो ऑगस्टमध्ये. देठासकट काढा, देठ धरून, शक्यतो छोट्या कात्रीने. फळ ओढलंत तर त्याच्याबरोबर खुरटी फांदी सुटून येते, आणि पुढच्या वर्षीचं फळ त्या फांदीवरच धरणार असतं. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर पिकलेली सगळी आदल्या दिवशी उतरवून घ्या. मोरेलो नुसती खाववत नाही, पण तिचा साखरांबा कैरीच्या साखरांब्याइतका उत्तम होतो. वेलची घाला, केशराची गरज नाही.