पिनकोड मूळ संख्या आहे का? वहीवर तपासायची रीत

कोल्हापूरचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात. मूळ संख्या ओळखायच्या सरावाला एवढे सहा अंकी आकडे उत्तम. ४१६००१ पासून एकेक विषम संख्या घ्या.

पहिली चाळण तोंडी होते. शेवटी ५ म्हणून ४१६००५ बाद. ४१६००१ च्या अंकांची बेरीज १२, ४१६००७ ची १८. दोन्हींना ३ ने भाग जातो.

पुढची चाळण सगळ्यात देखणी. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून सहा अंकांचे मधोमध दोन तुकडे करून वजाबाकी केली की तिन्ही कसोट्या एकदम होतात. ४१६००३ साठी ४१६ − ३ = ४१३ = ७ × ५९; ७ ने भाग गेला. ४१६००९ साठी ४१६ − ९ = ४०७ = ११ × ३७; ११ ने गेला. इथे घोटाळा होतो तो ५९ आणि ३७ मुळे. दिलेल्या संख्येला त्यांनीही भाग जाईल असं धरू नका, कसोटी फक्त ७, ११, १३ पुरती आहे.

४१६०११ ची वजाबाकी ४०५. तिला तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही, म्हणजे आता खरं काम. ६४५ चा वर्ग ४१६०२५. दोन्ही अवयव ६४५ किंवा त्याहून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता, म्हणून ६४३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्या ११७, सहा झाल्या, उरल्या १११.

कॅल्क्युलेटरवर ४१६०११ ÷ ६४१ केलं की ६४९.००३१२ दिसतं. घाईत दशांशाकडे दुर्लक्ष होतं आणि मूळ संख्या संयुक्त ठरते. ६४१ × ६४९ उलट गुणून बघा: ४१६००९, बाकी २. सगळे भागाकार असे तपासले की ४१६०११ मूळ ठरते.

भागाकारांआधी जवळचा वर्ग जरूर बघा. ४१६०२५ − ४१६००९ = १६ हाही वर्ग, म्हणून ४१६००९ = (६४५ − ४)(६४५ + ४). अवयव एका ओळीत हाती येतात.

प्रचंड संख्यांना ही रीत पुरत नाही. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. २^p − १ अशा संख्यांसाठी लुकास-लेहमर कसोटी वापरतात: p विषम मूळ संख्या घ्या, ४ पासून सुरुवात करा, दरवेळी वर्ग करून २ वजा करा आणि २^p − १ ने भागून बाकी ठेवा. १२७ साठी p = ७: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य, म्हणून १२७ मूळ. पायऱ्या p − २, म्हणजे इथे पाच. सुरुवातीचा ४ मोजायचा नाही, नाहीतर एक पायरी आधीच थांबाल. p मूळ आहे एवढ्यावरही विसंबू नका: ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.