रुग्णालयासोबत आरोग्य-तंत्रज्ञानाचे संशोधन करताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतील कारखानदाराला ड्रॉइंगबरहुकूम काम करण्याची सवय असते. गिऱ्हाईक मापे देते, पहिला नग तपासला जातो आणि मग माल रवाना होतो. याच सवयीने तो रुग्णालयात जातो तेव्हा अडखळतो, कारण तेथे तयार ड्रॉइंग कोणाकडेच नसते. ते डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासोबत वॉर्डात बसून तयार करावे लागते. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि कास्टिंगपासून सीएनसी, म्हणजे संगणकनियंत्रित यंत्रकामापर्यंतचे कौशल्यही आहे. तरीही अनेक चांगल्या कल्पना मध्येच थांबतात, आणि त्यामागे बहुधा पुढील चुका असतात.

पहिली चूक म्हणजे यंत्र आधी बनवणे आणि त्याचा उपयोग नंतर शोधणे. याच्या उलट रीतीने झालेल्या कामाचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने टाळता येतो का, हे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी येथील खेड्यांत 1,620 स्त्रियांच्या सहभागाने तपासले. नुसत्या नजरेने अंदाज केला तर रक्तस्राव प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो, म्हणून या अभ्यासासाठी खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मापाच्या खुणा असलेला, प्रसूतीच्या वेळी स्त्रीखाली अंथरायचा प्लास्टिकचा पट तयार करण्यात आला. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण मिसोप्रोस्टॉल न मिळालेल्या स्त्रियांत 12 टक्के, तर ते मिळालेल्यांत 6.4 टक्के दिसले. पुढे 2023 मध्ये आफ्रिकेतील चार देशांत दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासातही मापांकित पटाने रक्तस्राव वेळीच ओळखणे हा उपचारपद्धतीचा पहिला भाग होता. प्लास्टिकचा पट कोणताही लहान कारखाना बनवू शकतो, पण ‘रक्त नेमके किती गेले हे आम्हाला कळत नाही’ ही अडचण प्रसूतिगृहातूनच यावी लागते. म्हणून पहिले काही आठवडे काहीही न विकता, विभागप्रमुखांच्या परवानगीने, केवळ काम पाहण्यासाठी द्यावेत.

दुसरी चूक ओळखीतून होते. परिचयाचे डॉक्टर ‘करूया’ म्हणाले की रुग्णालयाने होकार दिला असे उद्योजक समजतो. एका छोट्या कंपनीला कागदपत्रांत मदत करताना माझ्या लक्षात आले की त्यांनी संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या नैतिकता समितीच्या, म्हणजेच एथिक्स कमिटीच्या, मंजुरीआधीच काही रुग्णांच्या नोंदी घेऊन ठेवल्या होत्या. झालेल्या कामाला समिती मागाहून मंजुरी देत नाही, त्यामुळे त्या सगळ्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या आणि आपला वेळ देणाऱ्या रुग्णांचे सहकार्य वाया गेले. याची मला आजही खंत वाटते. समितीची मंजुरी आणि संस्थेशी लेखी करार हे दोन्ही हाती आल्यावरच काम सुरू करावे. रुग्णांवर चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिची नोंद अशा चाचण्यांच्या नोंदवहीत, म्हणजे भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, करावी, कारण 1 एप्रिल 2018 पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही.

यंत्र कोणत्या वर्गात मोडते हेही आधीच पाहावे. वैद्यकीय उपकरण नियम 2017 मध्ये धोक्याच्या प्रमाणानुसार अ, ब, क आणि ड असे वर्ग आहेत. ज्या उपकरणासारखे दुसरे उपकरण देशात आधी मंजूर झालेले नाही, त्याच्या रुग्णांवरील चाचणीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते. ‘आमचे फक्त ॲप आहे’ असे म्हणून सुटका होत नाही, कारण 1 एप्रिल 2020 पासून निदानासाठी किंवा उपचारासाठी बनवलेले सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत येते.

सीमाभागात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते संमतिपत्राच्या भाषेकडे. एकाच वॉर्डात खानापूरची मराठी आजी, बैलहोंगलचे कन्नड शेतकरी, शहरातील उर्दू बोलणारी तरुणी आणि चंदगडहून आलेले काका शेजारी शेजारी असतात. इंग्रजी मजकुराचे शब्दशः भाषांतर करून ‘यादृच्छिक विभागणी’ आणि ‘प्रतिकूल घटना’ असे लिहिले, तर सही मिळेल, पण संमती मिळणार नाही. ‘कोणाला नवे यंत्र लावायचे हे चिठ्ठी टाकून ठरवावे तसे ठरेल, ते डॉक्टर निवडणार नाहीत’ असे लिहिले की आजीला कळते. भाषांतर झाल्यावर मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घ्यावे आणि दोन्ही मजकूर ताडून पाहावेत. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा, आणि ‘नाही म्हटले तरी तुमचे उपचार तसेच चालू राहतील’ हे वाक्य तोंडीही सांगायला हवे.

अभ्यास सुरू झाल्यावर रुग्ण मिळत नसतील किंवा पुढच्या तपासणीला येत नसतील, तर दोष परिचारिकांना देण्याआधी गावाचा हंगाम पाहावा. चिक्कोडी, अथणी, निपाणी भागात ऊसतोडीच्या महिन्यांत मजूर रोजगार बुडवून दवाखान्यात येत नाही, आणि खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात प्रवासच अवघड असतो. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई अंदाजपत्रकात धरावी, तिची रक्कम समितीकडून मंजूर करून घ्यावी आणि शक्य तेथे तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच ठेवावी. कार्यशाळेत नीट चालणारे यंत्र वॉर्डात चुकीचे आकडे दाखवत असेल, तर आधी विजेचा कमीजास्त दाब, दमट हवा आणि जंतुनाशकाने वारंवार पुसणे ही कारणे तपासावीत. फाइल समितीकडून परत आली, तर ओळखीचा माणूस शोधू नये. प्रत्येक आक्षेपाला क्रमांकानुसार लेखी उत्तर द्यावे, कारण बहुतेक आक्षेप विमा, नुकसानभरपाई आणि संमतिपत्र यांविषयीच असतात. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचाराचा खर्च प्रायोजकाने, म्हणजे आपण, उचलायचा असतो.

करारात तीन गोष्टी कधीही मोघम ठेवू नयेत. रुग्णांच्या नोंदी नाव-पत्ता काढूनच कंपनीकडे येतील आणि कशासाठी वापरल्या जातील, हे लिहावे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर याची गरज अधिकच आहे. निष्कर्ष यंत्राच्या विरोधात गेले तरी डॉक्टरांना ते प्रसिद्ध करता येतील, असेही लिहावे. मात्र पेटंटचा अर्ज शोधनिबंधाआधी दाखल व्हायला हवा, कारण एकदा छापून आलेल्या कल्पनेचे नावीन्य संपते. पैसे संस्थेच्या खात्यातच जावेत, आणि पुढील खरेदीचे आश्वासन संशोधनाच्या करारात नसावे.

राहिला एक प्रश्न, जो कोणी विचारत नाही: अभ्यास संपल्यावर यंत्राचे काय? ज्या रुग्णाला त्याचा उपयोग होत आहे, त्याच्याकडून ते परत घ्यायचे का, आणि ठेवायचे तर दुरुस्ती व सुटे भाग कोण देणार, हे पहिल्या रुग्णाची सही घेण्यापूर्वी ठरवावे आणि संमतिपत्रात त्याच्याच भाषेत लिहावे.