टिटवीच्या मागं लागून पीएचडी: या लाईनीत येऊ बघणाऱ्यांसाठी

मी पीएचडीला लागले हे गावात कळलं तेव्हा पहिला फोन मामाचा आला. म्हैस दोन दिवस झाले रवंथ करत नाही, काय द्यावं? मी म्हटलं मामा, मी जनावरांची डॉक्टर नाही होणार, प्राणी-पक्षी कसे वागतात, का वागतात ते बघते. मामा जरा वेळ गप्प, मग म्हणे, "आन् ह्याचे पैसे देतात?" देतात मामा. त्यावर खाली लिहिलंय, पण आधी काम काय असतं ते सांगते, कारण मला मेसेज करणाऱ्या बहुतेक पोरापोरींना वाटतं की जीप, कॅमेरा आन् वाघ.

मी जिंतूर तालुक्यातली, एमएस्सी झूऑलॉजी नांदेडला, आता पीएचडीचं तिसरं वर्ष. विषय टिटवी. हो तीच, रात्री ओरडली की आजी अपशकुन म्हणायची ती. शेतात उघड्यावर चार खडे गोळा करून अंडी घालते, आन् तुम्ही जवळ गेलात की डोक्यावर घिरट्या घालून सगळ्या शिवाराला उठवते.

सुरुवात आमच्या आबांमुळं झाली. आबांचं म्हणणं, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दाबून, खड्ड्यात घातली की वाळलं साल, आन् चार अंडी म्हणजे चारी महिने पाऊस. मला वाटलं भारी, हेच तपासू. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मे महिनाभर बांध-बांध फिरले, टेप घेऊन प्रत्येक घरट्याची आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची मोजली, सुंदर तक्ता केला आन् ऐटीत मॅडमपुढं ठेवला. मॅडमनी एवढंच विचारलं, "घरटी खूप मोजलीस गं, पाऊस किती वेळा मोजलास?"

एकदा. एका गावात एका वर्षी पाऊस एकच पडतो. मग घरटी वीस असोत का दोनशे, पावसाशी ताडून बघायला माझ्याकडं आकडा एकच. ह्या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट नावाच्या माणसाचा १९८४ चा गाजलेला पेपर आहे त्यावर, आन् आजही रिसर्च करणारे त्यात पडतात. चार अंड्यांचं तर आणखी मजेशीर, टिटवी बहुतेक वेळा चारच घालते, म्हणजे हा अंदाज दरसाली चांगल्या पावसाचाच निघणार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात टिटव्यांनी काय अंडी घालायची सोडली होती का. आन् उंचावरचं घरटं, घराच्या स्लॅबवरचं वगैरे, लोकांच्या डोळ्यात भरतं, पेपरात फोटो येतो, नांगरटीतलं कुणाला दिसतच नाही. आबांना मी हे सांगितलं नाही सगळं. ते चुकीचं बघत होते असं नाही, ते मोजत नव्हते एवढंच, आन् मी मोजून पण चुकलेच की.

तेव्हा नवीन येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, कोणता प्राणी घेऊ हे विचारत बसू नका. प्राणी तुमच्या धुऱ्यावर बसलेलाच आहे. त्याच्याबद्दल असा प्रश्न काढा की ज्याचं उत्तर "नाही" पण येऊ शकेल. टिनबर्गन ह्या वर्तन-शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये वागण्याबद्दलचे चार प्रश्न मांडले (त्यांना १९७३ ला नोबेल मिळालं, लोरेन्झ आन् फॉन फ्रिश ह्यांच्यासोबत). टिटवीवर लावून बघा: ती ओरडते ते नेमकं कशामुळं, माणूस बघून का कुत्रं बघून. पिलू हे ओरडणं कसं शिकतं का जन्मतःच येतं. ओरडून तिला फायदा काय, अंडी वाचतात का. आन् तिच्या जातभाई पक्ष्यांत हे कसकसं आलं असेल. चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं, एकाचं उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही. नेटच्या (संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता) परीक्षेत हे येतं म्हणून पाठ करतात पोरं, पण शेतात उभं राहून स्वतःला विचारलं की मग कळतं.

दुसरी चूक पहिल्या वर्षाची. तीन महिने डायरी भरली, "नर-मादी खूप आक्रमक", "आज कावळ्याला हाकललं, जबरदस्त", अशी. वाचायला छान, कामाची शून्य. कारण जे मजेशीर दिसलं तेच लिहिलं होतं, तासन्‌तास टिटवी नुसती बसून होती ते कुठंच नाही. जीन ऑल्टमन ह्यांचा १९७४ चा पेपर आहे निरीक्षण कसं करायचं त्यावर, तो मला तेव्हा एका सिनियर ताईनं दिला, इंग्रजीची बोंब असल्यानं वाचायला आठवडा गेला पण गेला तो सार्थकी. त्यातलं थोडक्यात असं की एक पक्षी धरायचा आन् ठरलेला वेळ, समजा वीस मिनिटं, तो जे करील ते सगळं लिहायचं, नाहीतर दर पाच मिनिटांनी नजर फिरवून त्या क्षणाला कोण काय करतंय एवढंच टिपायचं. आन् "आक्रमक" असला शब्द लिहायचाच नाही, आधी ठरवायचं की पाच मीटरच्या आत झेप घेतली तरच "झेप". म्हणजे उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी बसलं तरी तेच लिहील.

आता घरट्यांचा हिशोब, हा मला सगळ्यात आवडतो. समजा वीस घरटी बघितली, सहा मोडली, चौदात पिलं निघाली. तुम्ही म्हणाल सत्तर टक्के यश. चूक! कारण बरीच घरटी तुम्हाला अर्ध्यातच सापडलेली असतात, जी दोन दिवसांत मुंगसानं खाल्ली ती तर तुम्हाला दिसलीच नाहीत. मग मेफिल्ड नावाच्या गृहस्थानी १९६१ ला सोपी युक्ती काढली: दिवस मोजा. वीस घरटी मिळून ३०० दिवस नजरेखाली होती, त्यात सहा मोडली, म्हणजे एका दिवसात मोडायची शक्यता दोन टक्के, वाचायची ०.९८. टिटवी साधारण २८ ते ३० दिवस अंडी उबवते, तर ०.९८ हा आकडा २८ वेळा मांडून एकमेकांशी गुणा, येतात ५७ टक्के. सत्तरचे सत्तावन्न झाले. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं हे, लगेच करून बघा.

एक्सेलनं मला रडवलंय ते पण सांगते. ५ जूनची नोंद ५/६ अशी टाकली, त्यानं ६ मे धरली, आन् माझी पिलं अंडी घालायच्या आधीच बाहेर आली. तेव्हापासून वर्ष आधी, मग महिना, मग तारीख, महिना अक्षरात. दुसरं, रिकामा रकाना आन् शून्य ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, शून्य म्हणजे बघितलं पण काही नव्हतं, रिकामा म्हणजे त्या दिवशी मी तापानं झोपले होते. वही पेन्सिलीनं लिहा, घामानं बॉलपेन फिसकटतो. आन् त्याच रात्री कंप्युटरवर चढवा, रविवारी करू म्हटलं की झालंच.

शेतातलं म्हणाल तर परभणीचा मे तुम्हाला माहिताय. सकाळी सहाला सुरू, दहाला बंद, परत पाचनंतर. दुपारी तर टिटवी पण पोट भिजवून येते अंडी गार ठेवायला, आपण कोण लागून गेलो. घरट्याजवळ रोज जायचं नाही, तीन-चार दिवसांआड, थांबायचं नाही, एकाच वाटेनं जायचं-यायचं नाही कारण कावळा तुमच्यावर लक्ष ठेवून असतो. अंड्यांचे फोटो आन् लोकेशन ग्रुपवर टाकायचं नाही. लांबून बघायला शेतमालकाची परवानगी लागते, ती चहावर मिळते, पण पक्षी पकडायचा, रिंग घालायची, अंडं उचलायचं किंवा अभयारण्यात काम करायचं तर वन्यजीव कायदा १९७२ खाली वनविभागाची लेखी परवानगी, आन् ती यायला महिने लागतात असं धरूनच सीझनचं नियोजन करा. मे-जूनला ढग दिसले की बांधावरून घरी, वीज पडते आपल्याकडं. पायात गमबूट, घोणस असते.

मुलींसाठी वेगळं: "काय करायलीस माय इथं उन्हात, कुणाची तू?" हे दिवसातून चारदा ऐकायची तयारी ठेवा. मी आधी चिडायचे, नंतर लक्षात आलं की ज्या बाया हे विचारतात त्याच पुढं घरटी दाखवतात. खुरपणीच्या बायांना जितकी घरटी माहिती तितकी माझ्या दुर्बिणीला नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याशी पण ओळख ठेवा, आमच्याकडं एक दादा घरट्याभोवती हातभर जागा सोडून रोटाव्हेटर फिरवतो, त्याची नोंद पण माझ्या डेटात आहे, वेगळा रकाना करून.

आता पैसे आन् परीक्षा. सीएसआयआर नेट, लाईफ सायन्सेस: दोनशे मार्क, तीन भाग, निगेटिव्ह मार्किंग. इकॉलॉजी दहावं युनिट, उत्क्रांती आन् वर्तन अकरावं, मेथड्स तेरावं. ह्या लाईनीतल्यांनी ही तीन घट्ट करायची, पण नुसत्या ह्यांवर निघत नाही, बायोकेमिस्ट्री करावीच लागते, मी रडत केली. जेआरएफ (पीएचडीसाठी महिन्याला मिळणारी फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२, वर घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती बघत राहा, तुमच्या प्रवर्गाची कोणती ते बघून. गेट परीक्षेला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा वेगळा पेपर आहे हे मला एमएस्सी संपल्यावर कळलं, तुम्हाला आत्ता कळलं. एमएस्सीच जंगलाची करायची तर डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था, पुण्यात गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटी. जागा थोड्या असतात. आमच्याकडं म्हणतातच, बनी तो बनी नहीं तो परभणी, मी नाही लागले तर परभणीलाच राहिले आन् टिटवी सापडली.

प्रोफेसरांना मेल करताना "मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे" लिहू नका, मी असे पंधराएक मेल केले, एकाचंही उत्तर नाही. सोळाव्यात लिहिलं की तुमच्या पेपरमध्ये घरटी दर आठवड्याला बघितली, आमच्याकडं नांगरट मधेच होते तर आठवड्यात घरटं येऊन मोडून पण जाईल, मग काय करावं? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आन् दोन-अडीच हजारात पेपर छापून देतो म्हणणाऱ्या जर्नलच्या वाटेला जाऊ नका, ते नाव जन्मभर बायोडेटात चिकटतं.

आबा अजून फोन करतात मेमध्ये. ह्या वर्षी पण केला, "चार घातलीत गं, वरच्या धुऱ्यावर." मी विचारलं किती उंच आबा? म्हणे, टोंगळ्याइतकी. कुणाच्या टोंगळ्याइतकी? "माझ्या, आन् कुणाच्या." आबा सव्वापाच फूट असतील. रकान्यात लिहिलं, अंदाजे ४५ सेंटीमीटर, मोजलेलं नाही, शनिवारी जाऊन टेप लावायचा.