पोर्तुगीजमध्ये आजी-आजोबांना ‘बसा’ म्हणताना या चुका टाळा

मराठीत ‘बस’ला काना लावला की ‘बसा’ होतं आणि समोरच्याचा मान राखला जातो. पोर्तुगालमधल्या ‘लार’मध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामाला लागलेल्या मराठी माणसाला हीच सवय नडते. ‘सेंता-त’ म्हणजे ‘तू बस’. ऐंशीच्या आजींना म्हणायचं ‘सेंत-स’. इथे काना काढला की मान मिळतो! ‘-आर’ने संपणाऱ्या नियमित क्रियापदांचं असंच आहे: ‘लव्हांता’ (उचल) एकेरी, ‘लव्हांत’ (उचला) आदरार्थी. ‘-एर’ आणि ‘-इर’वाल्यांना मात्र आपला काना चालतो: पाणी ‘बेबा’ (प्या), तोंड ‘आब्रा’ (उघडा). काही क्रियापदं सरळ पाठच करावी लागतात. त्यातलं ‘दे’ मजेशीर आहे. पोर्तुगीजमध्ये ‘दे’ आदरार्थी आणि ‘दा’ एकेरी. ‘दे-म आ माँव’ म्हणजे ‘मला हात द्या’.

दुसरी चूक ‘व्हॉसे’ची. आपण त्याला ‘तुम्ही’ समजतो, कारण बरीचशी ॲप्स ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात आणि तिथे हा रोजचा शब्द आहे. पोर्तुगालमधल्या अनेक वयस्कर माणसांना मात्र तो तोंडावर मारल्यासारखा वाटतो. तिथे पुरुषाला ‘उ सन्योर’, बाईला ‘आ सन्योरा’ म्हणायचं किंवा बाईच्या नावाआधी ‘दोना’ लावायचं. नाहीतर सर्वनाम गाळून नुसतं आदरार्थी क्रियापद वापरायचं, मी तरी हाच सोपा मार्ग सुचवेन. ॲपवरचा ‘सेंत-स’चा ‘सेंची-सी’ हा उच्चारही ब्राझीलचा. पोर्तुगालमध्ये शेवटचे स्वर गिळतात, म्हणून सहकारी काय म्हणाले ते सुरुवातीला कळतच नाही.

‘सेंत-स’मध्ये आणखी एक खोच आहे. ‘सेंत-स बेंय’ म्हणजे ‘नीट बसा’, पण तेच प्रश्नाच्या सुरात म्हटलं की ‘बरं वाटतंय ना?’ होतं. सूर चुकला तर आजी उत्तर देत बसतील, खुर्चीत नीट बसणार नाहीत.

खरा धोका आहे ‘पुश’चा. ऐकायला इंग्रजीसारखा, अर्थ बरोबर उलटा: ओढा. ढकला म्हणजे ‘एंपुर्र’. व्हीलचेअर उंबरठ्याशी असताना ही गफलत महागात पडते. तसंच ‘कोंश्तिपादु’ ऐकून बद्धकोष्ठाचं औषध शोधू नका, त्यांना सर्दी झालीय. बद्धकोष्ठ म्हणजे ‘प्रिझाँव द व्हेंत्र’.

व्याकरण बरोबर असूनही बोलणं हुकूम वाटू शकतं. आपण ‘जरा’ घालतो, तसं तिथे ‘उं बुकादिन्यु’ घालतात. ‘स फाश फव्होर’ म्हणजे ‘कृपा करून’, पण बोलताना ते आपल्या ‘हं, प्लीज’इतकं सहज येतं. कपडे बदलताना, अंगाला हात लावण्याआधी ‘कों लिसेंसा’, म्हणजे ‘परवानगी असू द्या’, म्हणा. ‘साबाँव’ तर ओळखीचाच, आपल्या साबणासारखाच ऐकू येतो.

नकारात क्रियापदाच्या शेवटी जोडलेला ‘स’ उडी मारून क्रियापदाच्या आधी येतो: ‘लव्हांत-स’ म्हणजे उठा, ‘नाँव स लव्हांत’ म्हणजे उठू नका. कुणी पडलं तर मात्र ‘जरा’ आणि ‘प्लीज’ दोन्ही विसरा. ठाम आवाजात ‘नाँव स मेशा!’ म्हणजे ‘हलू नका!’ एवढंच म्हणा आणि मग शांतपणे विचारा, ‘ओंद ल्य दॉय?’ म्हणजे ‘कुठे दुखतंय?’