काकांच्या यू-मॅटिक कॅसेट कशा वाचवल्या

फोंड्याच्या घरी काकांच्या व्हिडिओ कलाकृतींच्या कॅसेट पडून होत्या, बहुतेक यू-मॅटिक, म्हणजे जुन्या काळातल्या जाड व्हिडिओ कॅसेट. गोव्याच्या पावसाळ्यात दुसरं काय होणार, रिळांच्या कडांवर पांढरी बुरशी! एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने "लावून बघूया" म्हटलं, मी हात जोडले. बुरशीची कॅसेट यंत्रात घातली की हेड (टेप वाचणारे भाग) बरबटतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते.

तज्ज्ञ शोधताना दर शेवटी विचारला. आधी विचारलं: बुरशी कशी काढता, टाइम बेस करेक्टर (थरथरणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) आहे का, फाइल कोणती देता? "डीव्हीडी करून देतो" म्हणणारे तिथेच गळले, कारण डीव्हीडीत चित्राचा दर्जा कमी होतो. शेवटी मुंबईचे एक तंत्रज्ञ भेटले. चिकट झालेली टेप ते प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये सुमारे ५० अंशांवर काही तास शेकतात, मग लगेच कॉपी करतात. (घरच्या ओव्हनमध्ये कृपया नको.) जपून ठेवायची मुख्य प्रत एफएफव्ही१ या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत, कारण त्यात चित्रातलं काही गळत नाही, बघायला वेगळी एमपी४.

खरी गंमत पुढे. एका कलाकृतीत चित्र सतत वर सरकत होतं. तंत्रज्ञ ते सरळ करायला निघाले, मी काकांना फोन लावला. "अरे, ते मी मुद्दाम केलंय!" म्हणून कुठलीही दुरुस्ती करण्याआधी कलाकाराचं म्हणणं लिहून घ्या, शक्य असेल तर सही घेऊन.

कॅसेट आता सिलिका जेलसोबत उभ्या ठेवल्यात. हार्ड डिस्कची दुसरी प्रत बहिणीकडे, पुण्याला.