तंबाखूचा बार सोडायचा कसा

'उद्यापासून बंद' म्हणत पुडी गटारात भिरकावणारे पुष्कळ असतात. त्यातले कितीतरी जण संध्याकाळी टपरीवर नवी पुडी घेताना दिसतात. पुडी गेली तरी बाराच्या, म्हणजे चुना लावून मळलेली चिमूट तोंडात धरायच्या, वेळा जागच्या जागी असतात. सुटायचं असतं ते या वेळांपासून.

म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच कमी करू नका, नुसतं मोजा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात प्रत्येक बारासाठी एक रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा: उठल्यावर, शौचाआधी, चहानंतर, बांधावर बसल्यावर, गाडी स्टँडला लागल्यावर, जेवणानंतर. दुसऱ्याने पुढे केलेली चिमूटही धरा. आपला आकडा सांगताना फुकटचे बार कुणीच मोजत नाही. सात दिवसांनी पहिल्या बाराची वेळ बघा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तो लागत असेल, किंवा तोंडात तंबाखूची गोळी धरून झोपायची सवय असेल, तर शरीर निकोटिनला चांगलंच बांधलेलं आहे. अशा वेळी नुसत्या निर्धारावर भिस्त ठेवू नका, सुरुवातीपासून औषधाची जोड घ्या.

हे इतकं घट्ट का बसतं, त्याचं उत्तर चुन्यात आहे. चुन्यामुळे तोंडातली आम्लता कमी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. 'आम्ही ओढत नाही, नुसती चिमूट ठेवतो' याला त्यामुळे काही अर्थ नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, आणि बहुतेकांचा हात त्याच सुमाराला खिशाकडे जातो.

मोजणीनंतर दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवा. घरातलं लग्न, सुगीची धावपळ, गावची जत्रा असे दिवस टाळा. तोपर्यंत बार कमी करायचे ते सोप्यापासून: आधी फुकटचे, मग टपरीवरचे, मग कामाच्या मधले. जेवणानंतरचा आणि सकाळचा शेवटी. सकाळचा बार दर दोन दिवसांनी अर्धा तास पुढे ढकला. इथे एक चोरवाट आहे. बार आठावरून चारावर येतात, पण चिमूट दुप्पट होते किंवा गोळी अर्धा तास जास्त गालात राहते. म्हणून बारासोबत पुडी किती दिवस पुरली तेही लिहा. बार निम्मे होऊनही पुडी तेवढ्याच दिवसांत संपत असेल, तर काहीच कमी झालेलं नाही.

आदल्या रात्री घर झाडून घ्या. डबी, चुन्याची नळी, गाडीच्या डिकीतली पुडी, गोठ्याच्या कोनाड्यातली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली, सगळं बाहेर. शर्टाचे खिसे उलटे करून धुवा, खिशातल्या चुऱ्याचा वाससुद्धा तल्लफ जागवतो. 'पाहुण्यांसाठी' म्हणून एक पुडी ठेवू नका.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात. चिडचिड, डोकं जड होणं, झोप उडणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तल्लफेची एक लाट बहुधा पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढा वेळ जागा बदलायची, पाणी प्यायचं, दहा दीर्घ श्वास घ्यायचे. तोंडाइतकीच सवय तळहाताला आणि अंगठ्यालाही असते. भाजलेले शेंगदाणे जवळ ठेवा आणि तळहातावर अंगठ्याने चोळून त्यांची सालं काढा. हालचाल अगदी तंबाखू मळण्याची. तोंडासाठी एक वाटी बडीशेप, अर्धी वाटी भाजलेले जवस, पाव वाटी भाजलेले तीळ, चमचाभर ओवा आणि चवीला सैंधव एकत्र करा. मात्र हे जुन्या डबीत भरू नका.

आता शौचाचं. 'बार लावल्याशिवाय होत नाही' ही तक्रार खरी असते, कारण निकोटिन आतड्यांना चालना देतं. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस बद्धकोष्ठ होतं आणि बरेच जण तेवढ्या एका कारणाने परत फिरतात. तयारी चार दिवस आधीपासून करा. रात्री झोपताना एक ते दोन चमचे इसबगोल ग्लासभर पाण्यात घ्या आणि वर आणखी एक ग्लास पाणी प्या. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकतं. सकाळी कोमट पाणी किंवा चहा, मग दहा मिनिटं चालणं, आणि रोज ठरलेल्या वेळीच शौचाला बसणं. जेवणात भाकरी, पालेभाजी, पेरू वाढवा.

निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं मिळतं. ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. ते काम करत नाही असं म्हणणारे बहुतेक जण ते साध्या च्युइंगमसारखं चघळतात. तसं केलं की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं. योग्य रीत अशी: हळूहळू चावा, जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि जागा बदलून ठेवा. एक तुकडा असा अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको. आम्ल पदार्थांनी निकोटिन शोषलं जात नाही, म्हणजे चुन्याच्या बरोबर उलटं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. तल्लफ उसळेपर्यंत थांबू नका, ठरलेल्या वेळी घ्या. तोंडात जखमा असतील किंवा तोंड नीट उघडत नसेल तर त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पॅचबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदरपण, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा फिट्सचा त्रास असेल तर कुठलंही औषध त्यांना विचारूनच. गोळ्यांमध्ये व्हरेनिक्लिन हा पर्याय आहे, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

विदर्भातला खर्रा आणि नगरकडचा मावा यांत गोष्ट दुहेरी असते, कारण तंबाखूबरोबर सुपारीही असते. 'तंबाखू सोडली, आता साधी सुपारी खातो' हा सौदा तोट्याचा. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. गालाखालचा थर कडक होऊन तोंड उघडेनासं होतं, तेही तिच्यामुळेच. पानमसाल्याचंही तेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत घेऊन तोंडात एकत्र केली की गुटखाच झाला. दोन्ही एकाच तारखेला सोडा. रोजच्या तीस रुपयांच्या खर्ऱ्याचे वर्षाला १०,९५० रुपये होतात, हा आकडा मोजणीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायला हरकत नाही.

मिश्रीबद्दल घराघरांत गप्पच बसतात. ती 'दात घासणं' या नावाखाली दिवसातून चार-पाच वेळा चालते, पण भाजली तरी ती तंबाखूच. आधी दुपारची बंद करा, मग रात्रीची, सकाळची शेवटी. त्या जागी ब्रश आणि साधी पेस्ट, दिवसातून दोनदा. घासल्यावर ती बधिर झिणझिण न आल्यामुळे 'दात स्वच्छ झालेच नाहीत' असं वाटतं. हिरड्यांतून रक्तही दिसू शकतं. आठवडाभरात थांबलं नाही तर दंतवैद्याला दाखवा. तव्यावर मिश्री भाजणंही बंद करा, त्या वासाने घरातल्या दुसऱ्यांचीही तल्लफ उठते.

बाहेर अवघड जातं ते नाही म्हणणं. चिमूट पुढे करणं हा आपल्याकडे ओळख वाढवण्याचा रिवाज. 'आज नको' म्हणाल तर उद्या पुन्हा पुढे येईल. 'डॉक्टरांनी बंद केलीय' म्हटलं की विषय संपतो, आणि ते खोटं ठरू नये म्हणून तोंड खरंच एकदा दाखवून घ्या. पहिला महिना दारूच्या बैठकीला जाऊ नका, मोडतं ते बहुधा तिथेच. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र दारू अशी तारीख ठरवून एकदम तोडू नये. दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

एखादा बार लागलाच, तर उरलेली पुडी 'आता संपवूनच टाकू' म्हणून संपवू नका. ती पाण्यात ओता, कॅलेंडरवर वेळ आणि सोबत कोण होतं ते लिहा, आणि त्या वेळेसाठी वेगळी सोय करा. तारीख पुन्हा नव्याने काढायची गरज नाही. बोलायला कुणी हवं असेल तर तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर तोंड तपासा, विशेषतः गोळी बसायची ती जागा: खालच्या ओठाची आतली बाजू, गाल आणि हिरडीमधली खाच, जिभेच्या कडा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ दिसली तर वाट बघू नका. मग स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घाला. ती जात नसतील, किंवा साध्या आमटीनेही तोंड भाजत असेल, तर दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच आठवड्यात जा आणि किती वर्षं, काय आणि दिवसाला किती खाल्लं ते खरं सांगा.